टायपिंगच्या दुकानात लिनक्सला आवाज बसवताना

दुकानातली मशीनं विंडोजवरून लिनक्सवर नेल्यावर सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, असं ओळखीतले विचारतात. त्यांना वाटतं मी प्रिंटर म्हणेन, नाहीतर मराठी कीबोर्ड. ती दोन्ही कामं दिवाळीच्या सुट्टीतच उरकली होती. वेळ खाल्ला तो आवाजांनी. गाणीबिणी नव्हेत, पेनड्राइव्ह लावला की वाजतो तो, काहीतरी अडलं की वाजतो तो, असले बारीक आवाज. मराठीत याबद्दल कुठे सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून जसं घडत गेलं तसं लिहून ठेवतोय.

दुकान नाशिकला, सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या बाजूला. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, हक्कसोडपत्रं, तहसीलचे अर्ज टाइप करून, छापून द्यायचे. विंडोज १० चं अधिकृत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आमच्या डब्यांत नाही. नवी मशीनं घ्यायची तर कोटेशन सव्वा लाखाच्या पुढे. म्हणून लिनक्स मिंट २२.२ टाकलं. दोन मशीनवर सिनॅमन डेस्कटॉप (म्हणजे समोर दिसणाऱ्या खिडक्या, पॅनेल आणि सेटिंग्जचा संच) आणि तिसऱ्या, ४ जीबी रॅमच्या मशीनवर हलका म्हणून एक्सएफसीई.

३ नोव्हेंबरच्या सोमवारी नेहमीसारखी गर्दी लागली आणि दुपारपर्यंत ताईंची तक्रार आली. ताई आमच्याकडे मराठी टायपिंग करतात. टायपिस्टची नजर स्क्रीनवर नसते, वकिलाने हाताने लिहून दिलेल्या मसुद्यावर असते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यांनी मध्येच सेव्ह केलं, लिब्रेऑफिसने (वर्डच्या जागी वापरतो तो प्रोग्रॅम) 'याच फॉरमॅटमध्ये ठेवायचं का' म्हणून खिडकी उघडली, आणि ताई कागदाकडे बघत पुढे टाइप करत राहिल्या. मान वर केली तेव्हा मजकुराचा पत्ता नाही.

"दादा, आधीचं मशीन ओरडायचं तरी," त्या म्हणाल्या. "हे मुकाट्याने बसून राहतं."

दुसरी अडचण पेनड्राइव्हची. पक्षकार दिवसभर पेनड्राइव्ह घेऊन येतात. लावला तर लागला का कळत नाही, काढायचा तर काढू का कळत नाही. त्यात लिनक्सची एक सवय अशी की कॉपीची पट्टी संपली तरी काही मजकूर अजून मेमरीतच असू शकतो, पेनड्राइव्हवर नंतर उतरतो. घाईने उपटला की घरी गेल्यावर फाईल उघडत नाही, आणि ऐकून आम्हाला घ्यावं लागतं.

त्या संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, कोणत्या गोष्टीला आवाज हवा. पहिली यादी लांबलचक झाली. मग एकेक खोडत गेलो. प्रश्न एकच ठेवला: नजर कागदावर असताना हे कळायला हवं का? खिडकी उघडते-मिटते, वर्कस्पेस बदलतो, आवाज कमी-जास्त होतो, हे सगळं खोडलं. उरलं ते असं: काहीतरी विचारतंय, पेनड्राइव्ह लागला, पेनड्राइव्ह आता काढा, लांबलेलं काम झालं किंवा फसलं. तुम्ही हे करणार असाल तर सेटिंग्ज उघडायच्या आधी हा कागद लिहाच. सेटिंग्जची यादी समोर आली की माणूस सगळ्यांनाच आवाज देत सुटतो.

सिनॅमनवर निम्मं काम सोपं निघालं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'साउंड', त्यात 'साउंड्स' नावाचा टॅब. सुरू होताना, बंद होताना, खिडकी उघडताना, मिटताना, डिव्हाइस लावताना, काढताना, सूचना येताना अशी सरळ यादी, प्रत्येकापुढे चालू-बंदचं बटण आणि फाईल निवडायची सोय. नको ते बंद केलं, डिव्हाइसचे दोन्ही ठेवले. चहा गार व्हायच्या आत झालं.

पण ताईंची मूळ तक्रार तशीच. ती विचारणारी खिडकी या यादीत कुठेच नाही. ही यादी फक्त डेस्कटॉपच्या स्वतःच्या घडामोडींची. एखाद्या प्रोग्रॅमने उघडलेली खिडकी वेगळ्या वाटेने आवाज मागते. ही वाट समजून घ्यायला सगळ्यात जास्त दिवस लागले. मी ती सरकारी कार्यालयातल्या फाईलसारखी डोक्यात बसवली, कारण तो धंदा रोज बघतो. पहिल्या टेबलावर प्रोग्रॅम नुसतं नाव सांगतो: 'डायलॉग-वॉर्निंग', म्हणजे इशाऱ्याची खिडकी उघडली. कोणता आवाज वाजवायचा हे त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या टेबलावर लिबकॅनबेरा नावाची लायब्ररी बसते. ती सध्याच्या साउंड थीममध्ये, म्हणजे नावं दिलेल्या आवाजांच्या संचात, त्या नावाची फाईल शोधते. तिसऱ्या टेबलावर साउंड सर्व्हर: मिंट २२ पासून पाइपवायर, त्याआधी पल्सऑडिओ होतं. तो सगळ्यांचे आवाज एकत्र करतो, कुणाचा किती मोठा ते ठरवतो. शेवटचं टेबल अल्सा, म्हणजे कर्नलमधले (लिनक्सच्या गाभ्यातले) ड्रायव्हर आणि प्रत्यक्ष साउंड कार्ड. आवाज आला नाही की 'लिनक्सला आवाज नाही' म्हणून हात टेकायचे नाहीत. फाईल कोणत्या टेबलावर अडलीय ते पाहायचं, आणि शेवटच्या टेबलापासून उलटं येत पाहायचं.

ते असं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'पीडब्ल्यू-प्ले' या आज्ञेपुढे कोणत्याही वेव्ह फाईलचा पत्ता द्या. वाजली तर शेवटची दोन टेबलं ठीक. मग 'कॅनबेरा-जीटीके-प्ले', पुढे उणे आय आणि आवाजाचं नाव. हेही वाजलं तर थीम ठीक, गडबड प्रोग्रॅमच्या बाजूला. दुसरी आज्ञा सापडली नाही तर सायनॅप्टिकमधून (मिंटमध्ये सॉफ्टवेअर बसवायचा प्रोग्रॅम) 'ग्नोम-सेशन-कॅनबेरा' हे पॅकेज घ्यावं लागतं. नावात ग्नोम हा दुसराच डेस्कटॉप असला तरी ही आज्ञा इतर डेस्कटॉपवरही चालते. (या सगळ्या आज्ञा आणि फायलींची नावं मशीनवर इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची. इथे मी ती वाचताना म्हणतो तशी लिहितोय.)

आमच्या एका मशीनवर पहिलीच चाचणी नापास झाली. आवाज मॉनिटरच्या एचडीएमआयकडे जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही. साउंडच्या आउटपुट टॅबमध्ये 'ॲनलॉग' निवडल्यावर सुटलं. दुसऱ्या मशीनचं पुढचं ऑडिओ भोक ढिलं, तिथे यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागलं. एमजी रोडवरच्या एका दुकानातून ३०० रुपयांना आणलं, त्यात सतत सूं सूं आवाज. बदलून मागायला गेलो तर "बिल आहे का?" बिल मागितलं होतं, तेव्हा "जीएसटी वेगळा पडेल" म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी दिलेली. ती चिठ्ठी दाखवल्यावर मालक आल्यावर बघू, शुक्रवारी या, असं करत आठवडा गेला. शेवटी बदलून मिळालं. तीनशे रुपयांच्या वस्तूलाही पक्कं बिल घ्या. साध्या स्पीकरची जोडी ६५० ला पडली. एकूण खर्च म्हणाल तर जवळपास एवढाच. सॉफ्टवेअरला पैसा लागला नाही.

आता थीम. फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने आवाजांच्या नावांचा एक ठराव केलेला आहे, तोच बहुतेक डेस्कटॉप पाळतात. 'बेल-टर्मिनल', 'डायलॉग-एरर', 'डिव्हाइस-ॲडेड', 'मेसेज-न्यू-इन्स्टंट', 'कम्प्लीट-डाउनलोड', 'पॉवर-अनप्लग', 'ट्रॅश-एम्प्टी' अशी नावं. यातली सोय मला फार आवडली: पूर्ण नावाची फाईल नसेल तर शेवटचा तुकडा गाळून शोध होतो. 'कम्प्लीट-डाउनलोड' नसेल तर 'कम्प्लीट' चालतं. त्यामुळे सगळ्या नावांना फायली करत बसावं लागत नाही.

स्वतःची थीम करायला फार काही लागत नाही. होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात साउंड्स हा फोल्डर. त्यात थीमच्या नावाचा फोल्डर, आमचा 'दुकान'. त्यात 'स्टिरिओ' नावाचा फोल्डर, आवाजाच्या फायली त्यात. आणि 'दुकान'मध्येच 'इंडेक्स डॉट थीम' ही मजकुराची फाईल. तिच्यात चौकटी कंसात 'साउंड थीम' हे शीर्षक, खाली नाव, 'इनहेरिट्स' बरोबर फ्रीडेस्कटॉप, म्हणजे आपल्याकडे नसेल तो आवाज तिकडून घे, 'डिरेक्टरीज' बरोबर स्टिरिओ. मग चौकटी कंसात 'स्टिरिओ' आणि त्याखाली 'आउटपुट प्रोफाइल' बरोबर स्टिरिओ. संपली. फायली ऑग-व्हॉर्बिसमध्ये, शेपूट ओजीए, नाहीतर वेव्ह. एमपीथ्री चालत नाही आणि चालत नाही असं कुणी सांगतही नाही, नुसती शांतता.

एखादा आवाज वारशाने येतोय आणि नकोय, तर त्या नावाची रिकामी फाईल करून शेपूट 'डिसेबल्ड' द्यायचं. शोध तिथेच थांबतो. आमच्या स्टिरिओ फोल्डरमध्ये अशा रिकाम्या फायलीच जास्त आहेत.

थीम निवडायला सिनॅमनमध्ये मला बटण सापडलं नाही. डीकॉन्फ एडिटर (आतल्या, एरवी न दिसणाऱ्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्रॅम) बसवून ऑर्ग, सिनॅमन, डेस्कटॉप, साउंड असं आत जाऊन 'थीम-नेम'मध्ये दुकान लिहिलं आणि 'इव्हेंट-साउंड्स' चालू आहे ना ते पाहिलं. एवढ्यावर खिडक्या बोलायला लागायला हव्यात. त्याला 'लिबकॅनबेरा-जीटीके३-मॉड्यूल' हे पॅकेज मात्र लागतं, कारण जीटीके ३ (प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) च्या खिडक्यांच्या वतीने नाव पुकारण्याचं काम ते करतं. बसवल्यावर लॉगआउट करून परत या. जीटीके ४ वर लिहिलेले नवे प्रोग्रॅम या मॉड्यूलला विचारतच नाहीत, तेव्हा त्यांच्या खिडक्या गप्प राहिल्या तर डोकं शिणवू नका.

इथे एक गंमत झाली. फाईल बदलली, नाव तेच, तरी जुनाच आवाज. होम फोल्डरच्या डॉट-कॅशमध्ये 'इव्हेंट-साउंड-कॅश'ने सुरू होणारी एक फाईल असते. कोणत्या नावाला कोणती फाईल सापडली ते कॅनबेरा तिथे लिहून ठेवते. ती उडवून लॉगआउट-लॉगइन केलं की नवं वाजतं. थीमवर काम चालू असेपर्यंत मी ती दर वेळी उडवत होतो.

आवाज कुठून आणायचे, हा खरा मजेचा भाग. तयार आवाज इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण दुकानात ते मोबाइलच्या सूचनांसारखे वाटायचे. टुंग झालं की ताई, मी आणि बाकावर बसलेले पक्षकार, सगळेच खिसे चाचपायचे. म्हणजे असा आवाज हवा जो कुणाच्याच फोनमध्ये नाही. पहिल्यांदा घरचं ताम्हण आणि पळी घेतली. पहाटे, पंखा बंद करून, ताम्हण घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलं आणि मोबाइल हातभर अंतरावर. टॉवेलवर घुमत नव्हतं, म्हणून मग दोऱ्याला टांगलं. सुंदर रेकॉर्डिंग झालं. दुकानात लावल्यावर पहिल्याच दिवशी एक वकीलसाहेब आत येता येता थबकले आणि म्हणाले, "आरती चाललीय का? मग थांबतो."

तोडगा काकांनी काढला. काका साठी ओलांडलेले, त्या ४ जीबीवाल्या मशीनवर बसतात. तरुणपणी इथेच कोर्टाच्या आवारात टाइपरायटरवर अर्ज मारत. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांचा जुना गोदरेजचा मराठी टाइपरायटर कापडाखाली झाकलेला आहे. "अरे, याच्या घंटीला काय झालं?" ओळ संपायच्या काही अक्षरं आधी टाइपरायटरची घंटी वाजते, नजर कागदावर असलेल्या माणसासाठीच ती बसवलेली. नुसतं कापड काढायचं होतं.

घंटीचं रेकॉर्डिंग ८ नोव्हेंबरला केलं. दुसरा शनिवार, कोर्ट बंद, रस्त्यावर वर्दळ कमी. सिंहस्थाच्या कामांमुळे बाहेर खोदकाम चालू होतं, ते जेवायला थांबल्यावर संधी साधली. काकांनी कॅरेज हाताने ओढत ओढत घंटीपर्यंत आणलं. ते कट् कट् कट् आणि मग टिंग्. आम्हाला शेवटचं टिंग् तेवढं हवं होतं, पण कॅरेज परत ढकलताना होणारा खर्रर्र-टक् पण घेऊन ठेवला. मोबाइलच्या रेकॉर्डर ॲपमध्ये 'आवाज स्वच्छ करा' छापाचं काही असेल तर ते बंद करा. घंटीची शेपटी त्याला गोंगाट वाटते आणि तो ती खाऊन टाकतो.

ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये पुढचं काम. आधी मागच्या सूं आवाजाचा शांत तुकडा निवडून नॉइज रिडक्शनला त्याचा नमुना दिला, मग पूर्ण पट्टीवर हलक्या हाताने लावला. स्टिरिओचं मोनो केलं. घंटी दोनेक सेकंद घुमत होती; सलग वाजली तर एकात एक मिसळतात, म्हणून पाऊण सेकंदावर फेड आउट. नॉर्मलाइज उणे ३ डेसिबलला. 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये पाहिलं तर घंटीचा जोर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास होता. हे फार बरं झालं: माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजारांत सर्वांत तिखट असतो, बाहेरच्या मशीनची घरघर त्याच्या बरीच खाली असते, आणि वयाने आधी जातात ते त्याहून वरचे आवाज. म्हणजे काकांनाही ऐकू येणार आणि खोदकाम चालू असतानाही.

घंटी 'डायलॉग-वॉर्निंग', 'डायलॉग-एरर', 'डायलॉग-क्वेश्चन' आणि 'बेल-विंडो-सिस्टिम' या नावांनी ठेवली. चारही एकच फाईल, बाकीच्या तीन सिमलिंक, म्हणजे त्याच फाईलकडे बोट दाखवणारी नुसती नावं. पहिली वाजली आणि ऐकतो तर टिंग् नाहीच, नुसतं 'ंग्'. सुरुवातीची ठोकर गायब. लगेच दुसऱ्यांदा वाजवली तर पूर्ण. थोडं थांबून वाजवली की परत डोकं छाटलेलं.

कारण तिसऱ्या टेबलावर. काही वाजत नसेल तर पाइपवायरचा कारभारी, वायरप्लंबर, पाच सेकंदांनी साउंड कार्डाला झोपवतो. नवा आवाज आला की जागं करतो, पण काही कार्डांना जागं व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात आवाजाची सुरुवात निघून जाते. गाण्यात हे कळत नाही. पाऊण सेकंदाच्या घंटीत तीच तर सगळी जान. वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये ही वेळ शून्य केली की कार्ड झोपतच नाही. पण इंटरनेटवर या सेटिंगच्या दोन तऱ्हा सापडतात, कारण ०.५ या आवृत्तीपासून सेटिंग लिहायची जुनी, ल्यूआ भाषेतली पद्धत गेली. मिंट २२ मध्ये ०.४ मालिका आहे, उद्या वरची आवृत्ती आली की पुन्हा सगळं नव्याने. मी ते सोडून दिलं आणि ऑडॅसिटीत प्रत्येक आवाजाच्या आधी ०.३ सेकंदाची शांतता जोडली. छाटायचं ते शांततेला छाट. घंटी किंचित उशिरा वाजते, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. यूएसबी कार्डवाल्या मशीनला अर्ध्या सेकंदाची शांतता लागली.

एक्सएफसीईवर काकांच्या मशीनचं काम वेगळंच. तिथे आवाजांची यादीबिदी काही नाही. अपिअरन्सच्या 'सेटिंग्ज' टॅबमध्ये दोन चौकोन: घटनांचे आवाज चालू करा, आणि कळ-बटण दाबल्याचे आवाज चालू करा. पहिल्यावर टिक, दुसऱ्यावर नाही. दुसरा चालू ठेवला तर डोकं उठतं. मग सेटिंग्ज एडिटर उघडायचा, डावीकडे 'एक्ससेटिंग्ज', त्यात 'नेट', त्यात 'साउंड-थीम-नेम' (तिथे मध्ये रेघ नाही, शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं). तिथे 'दुकान' लिहायचं. मॉड्यूलचं पॅकेज इथेही बसवलं, लॉगआउट केलं, आणि तरी शांतता.

पीडब्ल्यू-प्ले वाजतंय. कॅनबेरा-जीटीके-प्ले वाजत नाही, पण चूकही दाखवत नाही. यात दोन संध्याकाळी गेल्या. काका घरी जाताना रोज विचारायचे, "बोललं का?" शेवटी 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडलं (पाइपवायर असलं तरी ते चालतं). 'प्लेबॅक' टॅबमध्ये सगळ्यात वर 'सिस्टिम साउंड्स' म्हणून स्वतंत्र पट्टी असते, गाणी-व्हिडिओपासून वेगळी. ती म्यूट होती. एक टिचकी मारली आणि टाइपरायटरची घंटी वाजली. तुमच्याकडे बाकी सगळं वाजतं आणि हेच आवाज वाजत नाहीत, तर सगळ्यात आधी ही पट्टी बघा. सिनॅमनमध्येही या आवाजांची पातळी साउंडच्या सेटिंग्जमध्ये वेगळी ठेवता येते. आम्ही ती स्पीकरच्या मूळ आवाजाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवली.

राहिला पेनड्राइव्ह. लावल्याचा आवाज सिनॅमनवर यादीतून दिला, वाटीवर चमच्याची एक टिचकी. काढल्याचा मात्र विचार करून बंद केला. तो ड्राइव्ह निघून गेल्यावर वाजतो. मजकूर उतरला की नाही हे त्यावरून कळत नाही. 'जीआयओ माउंट' या ड्राइव्ह जोडायच्या-सोडवायच्या आज्ञेला मॉनिटर पर्याय दिला की लावल्या-काढल्याच्या ओळी छापत राहतो, त्यावर आवाज बांधता येतो, पण कुणी सरळ उपटला तरी तिथे 'माउंट रिमूव्हड' येतंच. मग पॅनेलवर 'पेनड्राइव्ह काढा' असं बटण केलं. त्यामागे चार ओळींची स्क्रिप्ट: मीडिया फोल्डरमधल्या प्रत्येक ड्राइव्हला 'जीआयओ माउंट' उणे यू, पुढे दोन अँडची खूण आणि ताम्हणाचा आवाज, पुढे दोन उभ्या रेघा आणि घंटी. दोन अँड म्हणजे आधीचं यशस्वी झालं तरच पुढचं. दोन उभ्या रेघा म्हणजे फसलं तरच. अनमाउंट, म्हणजे ड्राइव्ह सोडवणं, पुरं होण्याआधी लिनक्स उरलेला मजकूर उतरवून टाकतो, म्हणून ताम्हण वाजलं म्हणजे काढायला हरकत नाही. फाईल कुठे उघडी राहिली असेल तर घंटी. आरतीवाल्या ताम्हणाला अशी जागा मिळाली. अर्ध्या सेकंदावर कापल्यावर ते देवघरातलं वाटत नाही.

तीच युक्ती लांब कामांना. ई-फायलिंगसाठी स्कॅन केलेल्या जाड पीडीएफ घोस्टस्क्रिप्टने लहान करायच्या असतात, त्यात मिनिटं जातात. आज्ञेच्या शेवटी झालं तर खर्रर्र-टक्, फसलं तर घंटी. आता ते चालू असताना मी काउंटरवर पैसे घेत असतो.

टर्मिनलबद्दल थोडं, कारण तिथलाही एक आवाज आहे. कंट्रोल आणि जी दाबलं की पूर्वी दूरमुद्रकाची खरीखुरी घंटा वाजायची, आस्की तक्त्यातला ७ क्रमांक अजून तिच्यासाठीच आहे. हल्ली ते 'बेल'च्या फाईलकडे जातं. जुन्या मशीनच्या डब्यातला बारका स्पीकर मात्र मुळातच बंद केलेला असतो. उबुंटूच्या, आणि म्हणून मिंटच्याही, मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्ट फाईलमध्ये (सुरू करू नयेत अशा ड्रायव्हरांची यादी) 'पीसीस्पीकर' आहे आणि वर टीप आहे की हा कर्कश आवाज सगळ्यांच्या डोक्यात जातो. टॅब दाबल्यावर वाजणारी घंटा नको असेल तर होममधल्या डॉट-इनपुटआरसी फाईलमध्ये 'सेट बेल-स्टाइल नन' एवढी ओळ पुरते.

ग्नोम वापरणाऱ्यांना सेटिंग्जच्या साउंडमध्ये इशाऱ्याचा आवाज निवडता येतो. निवडलात की 'कस्टम' नावाची थीम तुमच्या साउंड्स फोल्डरमध्ये आपोआप तयार होते. ती उघडून पाहिली की वरचं सगळं पटकन समजेल. केडीईच्या प्लाझ्मा ६ या आणखी एका डेस्कटॉपमध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून, 'ओशन' नावाची नवी थीम आहे आणि सिस्टिम साउंड्सचं वेगळं पान आहे. मी ते हाताळलेलं नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या लॅपटॉपवर नुसतं पाहिलंय.

तिन्ही मशीनवर सगळं नीट बसेपर्यंत २२ नोव्हेंबरचा चौथा शनिवार उजाडला. सोमवारी ताईंनी नेहमीसारखं मध्येच सेव्ह केलं, घंटी वाजली, त्यांनी मान वर केली, एंटर मारला आणि पुढच्या ओळीला लागल्या. काकांनी एवढंच सुचवलं की घंटी थोडी मोठी करा, खोदकामवाले परत आलेत. त्यांची 'सिस्टिम साउंड्स'ची पट्टी ८० टक्क्यांवर नेली.

हे सगळं परत करावं लागू नये म्हणून आता 'दुकान' फोल्डर, स्क्रिप्ट आणि सेटिंग्ज एका झिपमध्ये ठेवल्या आहेत. सिनॅमनच्या सेटिंग्ज 'डीकॉन्फ डंप'ने मजकुराच्या फाईलमध्ये निघतात. एक डंप ऑर्ग-सिनॅमन-साउंड्सचा आणि एक ऑर्ग-सिनॅमन-डेस्कटॉप-साउंडचा, दोन्ही घ्या. पहिल्यात यादी असते, दुसऱ्यात थीमचं नाव. नव्या मशीनवर 'डीकॉन्फ लोड'. एक्सएफसीईच्या मशीनवर थीमचं नाव हातानेच भरावं लागेल, त्याची ओळ झिपमधल्या टिपणात लिहून ठेवलीय. थीम होम फोल्डरमध्ये असल्यामुळे सिस्टिम अपडेट झाली तरी तिला धक्का लागत नाही. मात्र यूजर वेगळा केलात तर त्या यूजरला ती दिसणार नाही. सगळ्यांना हवी असेल तर यूएसआर, शेअर, साउंड्समध्ये ॲडमिनचा पासवर्ड देऊन ठेवा.